पुरुषसंप्रेरकाची सुई आणि संसार

आजचा विषय चावडीवर निघत नाही. निघालाच तर हसण्यावारी जातो. दवाखान्यातसुद्धा माणूस कंपाउंडर बाहेर गेल्यावर डॉक्टरांच्या कानाशी लागतो, अर्धे वाक्य बोलतो आणि उरलेले अर्धे गिळून टाकतो. त्या गिळलेल्या अर्ध्या वाक्याबद्दलच मला आज बोलावयाचे आहे. मी काही डॉक्टर नव्हे. मी महाविद्यालयात शिकवितो. पण शिकविणाऱ्या माणसाकडे जुने विद्यार्थी नाना अडचणी घेऊन येतात, आणि त्यांतली एक अडचण मला या विषयाच्या वाचनाकडे घेऊन गेली. तिची हकीगत पुढे येईल.

मराठीत या गोष्टी कोणी उघडपणे बोललेच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते नेटाने चालविले. त्यापायी त्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आज तशी भीती उरलेली नाही. तोंड मात्र अजून उघडत नाही.

तर विषय असा. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन नावाचे एक द्रव्य तयार होते. रक्तावाटे सर्वत्र फिरून दूरच्या अवयवांना कामाला लावणाऱ्या अशा द्रव्यास संप्रेरक म्हणतात. हे संप्रेरक कमी पडले तर ते बाहेरून देतात. तेलातल्या सुईने देतात, कातडीला लावावयाच्या मलमाने देतात, काही ठिकाणी गोळीनेही देतात. हा उपचार चांगला आहे, ज्याला खरी गरज आहे त्याला तो नवे आयुष्य देतो. परंतु त्याचे काही परिणाम नेमके नवराबायकोच्या संबंधांवर आणि मूल होण्यावर होतात. ते आधी ठाऊक असले तर सांभाळता येतात. ठाऊक नसले तर घरात भलत्याच माणसावर खापर फुटते.

या द्रव्याचे काम शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गोऱ्हा वेळेवर बडवला की त्याचा बैल होतो. तसाच ठेवला तर वळू होतो. मान, वशिंड, आवाज, तापटपणा, सगळेच निराळे. फरक कशाने पडतो? वृषणांतून रक्तात उतरणाऱ्या या द्रव्याने. जर्मनीतील गॉटिंगेन येथे बेर्टोल्ड नावाच्या शास्त्रज्ञाने १८४९ साली हीच गोष्ट सहा कोवळ्या कोंबड्यांवर पडताळून पाहिली. वृषण काढले की कोंबड्याचा तुरा वाढेना, तो आरवेना, माद्यांकडे पाहीना. पण काढलेला वृषण पोटात दुसरीकडे नुसता ठेवून दिला, तरी तुरा पुन्हा लाल झाला आणि पठ्ठ्या आरवू लागला! म्हणजे काम नसांच्या जोडणीने होत नव्हते, रक्तात मिसळणाऱ्या कशाने तरी होत होते.

पुढे १८८९ साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार्ड या बहात्तर वर्षांच्या नामांकित वैद्याने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाणीदार अर्क स्वतःलाच टोचून घेतला आणि ‘मी पुन्हा जवान झालो’ असे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. त्याची जवानी मनाची होती. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेव्हा त्या अर्कात ते कितीसे उतरले असणार? खरे द्रव्य हाती आले ते १९३५ साली, ॲम्स्टरडॅम येथे. सुमारे १०० किलो वजनाच्या वळूंच्या वृषणांतून शास्त्रज्ञांनी अवघे १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळे केले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. आज तालुक्याच्या दुकानात मिळणाऱ्या एका सुईत २५० मिलिग्रॅम औषध असते. जे दुर्मिळ होते ते स्वस्त झाले, आणि स्वस्त झालेली वस्तू नको तेथेही वापरली जाते.

गरज कोणाला असते? लहानपणी नव्हे, पण वयात आल्यावर गालफुगी होऊन ती वृषणांत उतरली आणि दोन्ही वृषण सुकले, अशांना. ज्यांना जन्मतःच एक गुणसूत्र जास्त असते, त्यांना. मेंदूच्या तळच्या ग्रंथीला गाठ झाली, किंवा अपघातात वा कर्करोगाच्या उपचारात वृषणांची हानी झाली, अशांना. सकाळच्या वेळी, दोन निरनिराळ्या दिवशी रक्त तपासून, दोन्ही वेळा प्रमाण कमी निघाले आणि सोबत लक्षणेही असली, तरच हा कमतरपणा खरा मानतात. सकाळीच का, तर दिवसभरात हे प्रमाण सकाळी सर्वांत वर असते. प्रौढ पुरुषाच्या दर १०० मिलिलिटर रक्तात साधारणपणे ३०० ते १००० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते. नुसता थकवा आला, पेरणीच्या दिवसांत अंग मोडून आले, कर्जाच्या काळजीने झोप उडाली, म्हणून सुई घेणे हा उपचार नव्हे. अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्या ७९० पुरुषांवर मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. या सर्वांचे टेस्टोस्टेरॉन कमीच होते. औषधाने त्यांच्या कामेच्छेत माफक सुधारणा झाली, पण अंगातला उत्साह वाढला असे काही दिसले नाही. अशक्तपणावर ही सुई देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतले की शरीर आपले स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवते. हे का होते, ते विहिरीच्या दाखल्याने सांगतो. आता मोटा गेल्या, पण माझ्या पिढीच्या वाडवडिलांनी हाकलेल्या आहेत, तेव्हा दाखला जुनाच घेतो.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पियुषिका नावाची ग्रंथी असते. तिला मोट हाकणारा शेतकरी समजा. रक्त म्हणजे शेत, वृषण म्हणजे विहीर. शेत कोरडे दिसले की हा शेतकरी मोट जुंपतो, शेत भिजले की सोडतो. मोटेचे पाणी जेथे ओतले जाते त्या थारोळ्याच्या अगदी शेजारी एक वाफा आहे, त्यात रोप टाकलेले आहे. हे रोप म्हणजे शुक्रजंतू. त्याला शेताइतके पाणी पुरत नाही. थारोळ्याजवळ जसे भरपूर पाणी असते तसेच त्याला लागते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, आणि शुक्रजंतू तेवढ्यावरच वाढतात. आता कालव्याला पाणी आले. शेत तुडुंब भिजले. पाणी कुठून आले याच्याशी आमच्या शेतकऱ्याला कर्तव्य नाही. शेत ओले दिसले, त्याने मोट सोडली आणि बैल गोठ्यात बांधले. शेतातले पीक हिरवेगार आहे, आणि थारोळ्याजवळचा वाफा मात्र वाळत चालला आहे!

सुई म्हणजे हे कालव्याचे पाणी. म्हणूनच असा विचित्र प्रकार घडतो, की माणसाला इच्छा आहे, ताठरता आहे, दाढीमिशा जोरात आहेत, वीर्यही येते, आणि त्या वीर्यात शुक्रजंतू एकही नाही. डोळ्यांनी हे ओळखू येत नाही. वीर्याचा बहुतेक भाग इतर ग्रंथींचा स्राव असतो, त्यामुळे शुक्रजंतू नसले तरी ते दिसायला जवळपास तसेच दिसते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता ती हकीगत. माझा एक जुना विद्यार्थी, पुढे प्राथमिक शाळेत गुरुजी झालेला. लग्नाला चार वर्षे झाली, मूल नाही. घरच्यांनी रीतीप्रमाणे सुनेला पुढे केले. तिच्या तपासण्या झाल्या, नळ्या पाहून झाल्या, गोळ्या झाल्या, नवस झाले, कोणाच्या तरी सांगण्यावरून देवऋषीही झाला. माझ्याकडे तो बायकोसाठी शहरातल्या चांगल्या डॉक्टरांचे नाव विचारायला आला होता. बोलता बोलता मी विचारले, ‘‘आणि तुझी तपासणी?’’ तो म्हणाला, ‘‘सर, माझं काय तपासायचं? माझी तब्येत तर एकदम ठणठणीत आहे. दर तीन आठवड्यांनी ताकदीची सुई घेतो की!’’ लग्नाच्या आधीच अशक्तपणाची तक्रार केल्यावर कोणीतरी ती सुरू करून दिली होती. रक्त एकदाही तपासले नव्हते. मलाही त्या वेळी काही समजले नाही. मी त्या दोघांना शहरात पाठवले. तेथील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत त्याचे वीर्य तपासायला दिले. अहवालात आकडा होता शून्य.

चार वर्षे ती बाई वांझपणाचा बोल ऐकत होती, आणि पाणी मुरत होते ते नवऱ्याच्या दंडावरच्या सुईत. तो माझ्यापुढे बसून रडला. मला वाटते, आपल्यासाठी कमी आणि तिच्यासाठी जास्त.

सुईने असे होते ही गोष्ट शास्त्रज्ञांना मुळीच नवीन नव्हती. उलट, याच गुणाचा उपयोग पुरुषांसाठी संततिनियमन म्हणून करता येईल का, हे जागतिक आरोग्य संघटनेने पाहिले होते. सात देशांतील २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमची सुई देण्यात आली. निकाल १९९० साली छापून आला. निम्म्याहून अधिक पुरुषांचे शुक्रजंतू सहा महिन्यांच्या आत शून्यावर गेले. आशियाई देशांतील पुरुषांमध्ये हा परिणाम आणखी जास्त दिसला. पण याचा उलटा अर्थही काढू नका. ‘सुई चालू आहे, म्हणजे मूल राहणारच नाही’ असे धरून चालणे चुकीचे आहे. काहींचे शुक्रजंतू पूर्णपणे थांबत नाहीत. मूल नको असेल तर त्याची निराळी काळजी घ्यावीच लागते.

मग यावर करावयाचे काय? पहिली गोष्ट, सुई सुरू होण्याआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगावयाचे: ‘‘आम्हाला मूल हवे आहे’’ किंवा ‘‘पुढे हवे असेल’’. एवढ्या एका वाक्याने सारी औषधयोजना बदलते. दोष वृषणांत नसून मेंदूतल्या ग्रंथीचा असेल, तर कालव्याचे पाणी सोडण्याऐवजी मोटच जुंपणारे औषध देता येते. गर्भवती स्त्रीच्या शरीरात एक संप्रेरक तयार होते. आशाताईंच्या पिशवीत लघवी तपासावयाची जी पट्टी असते, ती हेच संप्रेरक ओळखते. गंमत अशी, की तेच संप्रेरक पुरुषाला सुईने दिले तर त्याचे वृषण कामाला लागतात, कारण पियुषिकेच्या निरोपाशी त्याचा चेहरामोहरा जुळतो. या उपचाराला महिनोन्‌महिने लागतात आणि खर्चही येतो. काही डॉक्टर काही रुग्णांना टेस्टोस्टेरॉनच्या जोडीला हे देतात. ज्याचे त्याच्या प्रकृतीप्रमाणे ठरते. दुसरा मार्ग, उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवण्याचा. मोठ्या शहरांत ही सोय आहे.

आणि सुई चालू असताना शून्य अहवाल आला, तर? घाबरून जाऊ नये. आधीचे वृषण चांगले असतील तर सुई थांबवल्यावर मोट पुन्हा जुंपली जाते. मात्र वेळ लागतो. एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायलाच अडीच ते तीन महिने लागतात. बहुतेकांचे सहा महिने ते वर्षभरात पूर्ववत होते, काहींना दोन वर्षेही लागतात. आणि ज्यांनी वर्षानुवर्षे सुया घेतल्या, किंवा ज्यांची विहीर मुळातच आटलेली होती, त्यांना आशा कमी. थांबवल्यावर पहिले काही आठवडे, महिने फार वाईट जातात. कालवा बंद झालेला असतो आणि मोट अजून चालू झालेली नसते. इच्छा मरते, मन उदास होते, चिडचिड होते. पुष्कळ जण याच दिवसांत घाबरून पुन्हा सुई घेतात आणि पुन्हा शून्यावर येतात. म्हणून थांबवणेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे, आणि घरात निदान बायकोला तरी ते ठाऊक असावे.

माझ्या विद्यार्थ्याचे म्हणाल, तर चौदा महिन्यांनी त्याच्या अहवालात थोडे शुक्रजंतू दिसू लागले. मूल अजून नाही. पण तिच्या तपासण्या थांबल्या, आणि सासूबाईंना त्याने स्वतः बसवून सगळे सांगितले. हे सोपे नव्हते.

याला जोडूनच एक लहान गोष्ट. बंद पडलेली विहीर जशी गाळाने भरते, तसे वृषण थोडे लहान आणि मऊ होतात. हे दिसले की माणूस धास्तावतो. त्यात दुखणे नाही. मात्र एकाच बाजूला गाठ लागली किंवा एकच वृषण कठीण झाले, तर तो प्रकार सुईचा नव्हे. तसे दिसले की लगेच दाखवावे.

आता इच्छेचा चढउतार. तेलातली नेहमीची सुई दोन-तीन आठवड्यांनी घेतली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत रक्तातले प्रमाण नेहमीपेक्षा वर चढते आणि मग उतरत उतरत शेवटच्या आठवड्यात पार खाली येते. पावसाळ्यातल्या ओढ्यासारखे: आज पूर, पंधरवड्याने खडखडाट. इच्छाही तशीच हेलकावे खाते. पुराच्या दिवसांत माणूस अधीर होतो, तापट होतो. खडखडाटाच्या दिवसांत जवळ जायलाही नको म्हणतो. बायकोला वाटते, यांचे काहीतरी बिनसले. वास्तविक बिनसलेली असते ती तारीख. यावर उपाय साधा आहे: तेवढेच औषध कमी मात्रेत आणि कमी अंतराने घेणे, किंवा दहा ते चौदा आठवड्यांनी एकदा घ्यावयाची संथ सुई घेणे, किंवा रोजचे मलम लावणे. पण ‘‘शेवटच्या आठवड्यात फार खाली जातं’’ हे डॉक्टरांना सांगितल्यावाचून त्यांना कसे कळणार? सुईच्या दिवशी आपण ताजेतवाने असतो आणि नेमके त्याच दिवशी दवाखान्यात जातो!

मलमाची एक खबरदारी मुद्दाम सांगतो. मलम लावलेली कातडी बायकोच्या किंवा लेकराच्या अंगाला घासली तर ते औषध त्यांच्या अंगात जाते. बाईला दाढीमिशांसारखी लव येऊ शकते, लहान मुलांत वयाआधी वयात येण्याची चिन्हे दिसू शकतात. यावरून अमेरिकेच्या सरकारी औषध खात्याने २००९ साली मलमाच्या वेष्टनावर ठळक इशारा छापायला लावला. तेव्हा मलम लावल्यावर हात साबणाने धुवावेत, ती जागा वाळली की सदऱ्याने झाकावी, आणि नवराबायकोने जवळ येण्यापूर्वी ती जागा धुऊन घ्यावी. नातवाला उघड्या अंगावर घेऊन झोपवणाऱ्या आजोबांनी तर हे विसरूच नये. बाई गरोदर असेल तर काळजी दुप्पट.

सुई सुरू केली म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळे सुरळीत, अशीही पुष्कळांची समजूत असते. तसे नाही. इच्छा तीन ते सहा आठवड्यांत परतू लागते. ताठरतेला सहा महिनेसुद्धा लागतात, आणि कित्येकांना सहा महिन्यांनंतरही ती येत नाही. कारण इच्छा एक आणि ताठरता दुसरी. टेस्टोस्टेरॉन मुख्यतः इच्छेचा धनी आहे. ताठरतेला शिश्नातल्या रक्तवाहिन्या मोकळ्या लागतात आणि नसा शाबूत लागतात. मधुमेह, रक्तदाब, विडी-तंबाखू यांनी त्या बिघडल्या असतील तर नुसत्या सुईने काय होणार? नळाला पाणी आहे, पण पाइपच गंजला आहे. अशा वेळी डॉक्टर रक्तवाहिन्या सैल करणारी निराळी गोळी देतात. ती १९९८ पासून प्रचारात आहे आणि दुकानात मागितली तर सहज पुढे केली जाते. येथे मात्र हात जोडून सांगतो: छातीत कळ आली की जिभेखाली ठेवावयाची गोळी ज्यांना दिलेली आहे, त्यांनी ही दुसरी गोळी कदापि घेऊ नये. दोन्ही मिळून रक्तदाब इतका खाली जातो की जीव जाऊ शकतो. चाळिशी-पन्नाशीत ताठरता जाऊ लागली तर ती हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीही आगाऊ सूचना असू शकते. म्हणून ती लपवू नये.

कधी इच्छा कमी न होता फार वाढते. पुरुष याला तक्रार समजत नाही; बायको समजते. तिची पाळी गेलेली असेल, दिवसभर शेतात खपून ती आलेली असेल, कोरडेपणामुळे तिला दुखत असेल. नवऱ्याला औषधाने तरणेपण आले म्हणून तिलाही ते येत नाही, आणि तिच्या नाहीला किंमत आहे. या कोरडेपणावर बायकांसाठी औषध आहे, तेही विचारता येते. एक प्रकार मात्र तातडीचा आहे. कोणतीही इच्छा नसता ताठरता चार तासांहून अधिक टिकली आणि दुखू लागली, तर सकाळची वाट पाहू नये, रात्रीच मोठ्या दवाखान्यात जावे. लाजेपायी उशीर झाला तर ते इंद्रिय कायमचे निकामी होण्याचा संभव असतो. असे क्वचितच घडते, पण घडते.

छातीचे काय? काहींच्या स्तनाग्राखाली गाठ येते, हुळहुळते. याचे कारण ऐकून आश्चर्य वाटेल. पुरुषाच्या शरीरात, विशेषतः चरबीत, थोडे टेस्टोस्टेरॉन स्त्रीसंप्रेरकात बदलत असते. सुईची मात्रा जास्त झाली आणि पोट सुटलेले असले की हा बदल जास्त होतो. हे वाचून काही तरुण स्त्रीसंप्रेरक दाबणाऱ्या गोळ्या स्वतःच घेऊ लागतात. ते चूक आहे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की पुरुषाचे स्त्रीसंप्रेरक फार खाली नेले तर त्याचीच कामेच्छा कमी होते आणि अंगावर चरबी चढते. पुरुषालासुद्धा थोडे स्त्रीसंप्रेरक हवेच असते! तेव्हा आधी सुईची मात्रा पाहावी, वजन पाहावे. गाठ कठीण असेल किंवा एकाच बाजूला असेल, तर ती दाखवूनच घ्यावी.

शिक्षक बंधूंशी दोन शब्द बोलतो. तालमीची जागा आता जिमने घेतली आहे. तेथे अठरा-वीस वर्षांच्या पोरांना दंड फुगवण्यासाठी हीच सुई, याच कुळातली दुसरी औषधे, आणि तीही उपचाराच्या कितीतरी पट मात्रेत, दिली जातात. त्यांचा वाफा कोवळ्या वयात वाळतो. पोरगा दिसायला पहिलवान होतो, आणि सुया थांबवल्या की इच्छा, उमेद सगळे एकदम बसते. ते त्याला कोणाला सांगता येत नाही, म्हणून तो पुन्हा सुई घेतो. वर्गात हे सांगताना लाज वाटत असेल तर बैल आणि वळूपासून सुरुवात करा. पोरे ऐकतात.

शेवटी डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे ते सांगून थांबतो. एक चाळीस पानी वही पुरे. तीत सुईच्या तारखा लिहाव्यात, आणि इच्छा, ताठरता, मनःस्थिती कोणत्या आठवड्यात कशी होती हे दोन-दोन शब्दांत लिहावे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या, मनाच्या आजाराच्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांची नावे लिहावीत, कारण त्यांतल्या काही स्वतःच इच्छा कमी करतात. दारू किती, विडी किती, तेही खरे लिहावे. मूल हवे की नको, हे पहिल्या पानावर लिहावे. तोंडाने बोलवत नसेल तर वही उघडून पुढे सरकवावी, डॉक्टर वाचतात. शक्य असेल तर बायकोला बरोबर न्यावे. नवरा विसरतो किंवा दडवतो ते तिला आठवते. पहिल्या वर्षात तीन-चार वेळा तरी रक्त तपासले जावे, कारण या औषधाने रक्त दाट होते. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शंभरात ५४ च्या वर गेला तर सुई थांबवून मात्रा कमी करतात. प्रौढांची प्रोस्टेट ग्रंथीची तपासणीही याच भेटीत होते. आणि टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण पाहावयाचे असेल तर नेहमीच्या तेलातल्या सुईसाठी रक्त दोन सुयांच्या बरोबर मधल्या दिवशी द्यावे, संथ सुईसाठी पुढची सुई घेण्याच्या अगोदर द्यावे. रक्त घेणाऱ्याला शेवटच्या सुईची तारीख सांगून ती चिठ्ठीवर लिहून घ्यावी, नाहीतर आलेला आकडा पुराचा की खडखडाटाचा, हे डॉक्टरांनाही ओळखता येणार नाही.